पहिलं घुंगरू देवाचं

आमच्या घरात मोजायला सुरुवात एकापासून होत नसे. हुपरीत आमचा पैंजणांचा कारखाना होता, कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. एका जोडाला लागणारी घुंगरं ढिगातून वेगळी काढताना आई पहिलं घुंगरू उचलायची, 'लाभ' म्हणायची आणि समोरच्या पितळी वाटीत टाकायची. ते देवाचं. मग पुढचं घुंगरू 'एक', त्याच्या पुढचं 'दोन'. अमावस्येला वाटीतली सगळी घुंगरं देवापुढं ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ती परत मुशीत वितळायला जायची. देवालाही चांदी मिळाली, आम्हालाही मिळाली, कुणाचं काही गेलं नाही. गावात दुसऱ्या घरांत असं करत होते का, मला ठाऊक नाही. आमच्यात होतं. मला मोजता यायला लागल्यापासून मी असंच मोजत आले. या मोजण्यानं पुढं मला कसं रडवलं, ते सांगायला बसले आहे.

मी फिजिक्स शिकले. कोल्हापूरला एम.एस्सी. झाले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथंच विद्यापीठात पीएच.डी.ला लागले. माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारला होता. "दिवसाला सहा तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसशील? आधीचे दोघं पळाले."

मी म्हटलं, "सर, मी चौथीत असल्यापासून घुंगराच्या कड्या झाळते." मोहरीएवढ्या चांदीवर फुंकणीनं ज्योत धरायची आणि चांदी वितळायच्या आत जोड बसवायचा, हे ज्याला जमतं त्याला मायक्रोस्कोपची काय भीती? सर म्हणाले, "उद्यापासून ये."

काम असं होतं. सरांकडं एका लाकडी पेटीत काचेच्या पट्ट्या होत्या. फोटोच्या फिल्मवर असतो तसा, पण त्याहून कितीतरी जाड थर त्यांच्यावर दिलेला. परदेशातल्या एका अवाढव्य यंत्रातून गंधकाच्या अणूंची केंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं या थरात सोडलेली होती. एखादं केंद्रक थरातल्या दुसऱ्या केंद्रकावर आदळलं की दोन्हींचा चक्काचूर व्हायचा, आणि त्या धक्क्यातून नवे कण जन्मून पुढं उधळायचे. कधी वीस, कधी दोनशे. प्रत्येक कण जाताना मागं बारीक काळ्या ठिपक्यांची रेघ सोडून जायचा. एका बिंदूतून फुटलेल्या या रेघांना आम्ही तारा म्हणायचो.

पहिला तारा दिसला तेव्हा मी श्वास घ्यायला विसरले होते. आधी नुसतं पिवळसर धुकं होतं. स्क्रू केसभर फिरवला आणि त्या धुक्यातून तो वर आला. डावीकडून एक सरळ रेघ शांतपणे येत होती, मग एक काळा ठिपका, आणि तिथून पुढं रेघांचा झाडू फुटलेला. हे पापणी लवण्याच्या कितीतरी आधी घडून गेलं होतं, कुणी बघायला नव्हतं, आणि तरी त्याची खूण इथं कोल्हापुरात माझ्या डोळ्याखाली जशीच्या तशी होती.

"हे काळे ठिपके कशाचे आहेत?" सरांनी मागून विचारलं.

"शाईसारखं काहीतरी असेल."

"चांदी. या थरात चांदीचा क्षार असतो. कण जिथून जातो तिथं पट्टी धुतल्यावर शुद्ध चांदी उरते. आणि ते गंधक ज्याच्यावर आदळलंय ना, ते केंद्रकही पुष्कळदा चांदीचंच असतं."

माझ्या अंगावर काटा आला. चांदीच्या धुरापासून सुटका व्हावी म्हणून मी शिकले होते, रोज सकाळी सातच्या एस.टी.नं पळत होते, आणि पळून पळून आले ती चांदीच्या पोटात. त्या संध्याकाळी घरी आईनं विचारलं, काय काम असतंय तुझं? मी म्हटलं, चांदीच मोजते. ती म्हणाली, मग हितं काय वाईट होतं?

आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्या वाटणीच्या कड्या आता तीच झाळत होती. सकाळी आपल्या, दुपारी माझ्या. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण तिचे डोळे संध्याकाळी लाल असायचे ते मला दिसत होतं. हे काम तडीला न्यायचं आणि त्यातून काहीतरी खरं काढून दाखवायचं, नाहीतर आईचे डोळे मी फुकट जाळले, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

मोजायची माझी पद्धत पक्की होती. प्रत्येक ताऱ्याला दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत वरून, घड्याळातल्या बाराच्या जागेवरून सुरू करायचं, देवळात प्रदक्षिणा घालतो तसं उजवीकडून फिरायचं, मनातल्या मनात रेघा मोजायच्या आणि आकडा वहीत लिहायचा. दुसऱ्या फेरीत पुन्हा तिथूनच सुरू करून एकेका रेघेचा कोन मोजायचा. आकडा भरला की तारा संपला. गर्दीचा तारा असला की एकाला दोन दिवस जायचे. सर म्हणायचे, तुझ्या वहीत खाडाखोड नसते, हे मला आवडतं. मी काय हवेतच होते.

पण मोजून करायचं काय होतं? ते सरांनी मला फरशीवर शिकवलं. एकदा म्हणाले, घरून मूठभर घुंगरं आण. आणली. त्यांनी ती प्रयोगशाळेच्या चौकटीचौकटीच्या फरशीवर फेकली आणि म्हणाले, "चौकटीवार मोज." एका चौकटीत चार पडली होती, शेजारचीत एकही नाही, कोपऱ्यात तीन एकमेकांना चिकटून.

"यात काही कट आहे?"

"नाही."

"हे नुसतं नशीब आहे. आधी नशीब कसं दिसतं ते नीट शिक. ज्याची नशिबाशी ओळख नाही त्याला ढगातसुद्धा गणपती दिसतो."

आमचा सगळा प्रश्न एवढाच होता. ताऱ्यातले कण कुठं दाटीनं येतात, कुठं विरळ. ही दाटी फेकलेल्या घुंगरांइतकीच आहे की त्याहून जास्त? ताऱ्याचे चौकटींत तुकडे करायचे, मग चौकटी लहान करायच्या, मग आणखी लहान, आणि दर वेळी दाटीचं माप काढून कागदावर बिंदू टाकायचा. नुसतं नशीब असेल तर बिंदूंची रेघ आडवी जाते. आघाताच्या क्षणी आत खरंच काही घडलं असेल तर चौकटी लहान होतील तशी रेघ वर चढते. तेव्हा अनेकांना वाटत होतं, की अशा आघातात पदार्थ क्षणभर वितळतो, विश्वाच्या आरंभी होता तसा होतो, आणि थिजताना गाठी सोडून जातो. मुशीतली चांदी थिजताना तिच्या पाठीवरून एक शिरशिरी जाते, ती मी लहानपणापासून बघत आले होते. मला ते पटायला कुणी समजवावं लागलं नाही.

आणि तुलनेला नशीब हवं, म्हणून आम्ही खोटे तारे तयार करायचो. विभागात एकच संगणक होता, वातानुकूलित खोलीत, आणि त्याच्या दारात देवळासारख्या चपला काढून आत जावं लागायचं. मी प्रोग्राम लिहिला. माझ्या वहीतल्या प्रत्येक ताऱ्याला एक खोटा जोडीदार, तेवढ्याच रेघांचा, पण त्यातली प्रत्येक रेघ संगणकानं आंधळेपणानं फेकलेली. पैंजणासारखे जोड. मला त्या खोट्या ताऱ्यांचंही नवल वाटायचं. कागदावर काढून बघितलं तर त्यातही दाटी दिसायची, पोकळ्या दिसायच्या, एखाद्यात चक्क फूल दिसायचं. काही कारण नसताना एवढं काही दिसतं, तर कारण असलेलं ओळखायचं तरी कसं?

तीन वर्षं गेली. चारशेच्या वर तारे झाले. एका उन्हाळ्यात मी सगळे आकडे संगणकाला दिले आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत कागद ओकू लागला. खोट्या ताऱ्यांची रेघ आडवी. माझ्या ताऱ्यांची रेघ वर चढत गेलेली, चांगली झोकात. सरांनी कागद घेतला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ." तीन वर्षांत त्यांनी मला चहा पाजला नव्हता. पेपरचा मसुदा आठवड्यात झाला. माझी शिष्यवृत्ती त्याच सुमारास संपत होती, प्रबंध लिहून होत आला होता. मी रात्री अंथरुणात पडून ती रेघ आठवायचे आणि एकटीच हसायचे. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, ते माझंच चित्र.

त्याच आठवड्यात आबा, म्हणजे माझे वडील, पैंजणं पोचवायला कोल्हापूरला आले होते. काम आटपून ते पहिल्यांदाच विद्यापीठात आले, पिशवी सांभाळत, टोपी हातात धरून. मला म्हणाले, "तीन वरसं झाली. काय बगतीस ते मला बी दाव की."

मी एक लहानसा तारा लावून दिला. आबांनी एक डोळा मिटला. आयुष्यभर ज्योतीकडं बघून बारीक झालेला दुसरा डोळा त्यांनी भिंगाला लावला.

"चांदी हाय की ही," ते म्हणाले.

मी सांगितलं नव्हतं. मी नुसतं "व्हय" म्हटलं.

"आन् ह्यो मदला ठिपका? हितंच फुटलीया?"

"हितंच. चांदीवर गंधक आदळलंय."

"किती जोरानं म्हनायचं ह्ये," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "मोजू?"

मी स्क्रू फिरवत राहिले, ते मोजत राहिले. मोठ्यानं, कारखान्यात मोजतात तसं. "लाभ... एक... दोन..." अठरावर थांबले. मी वही उघडून त्यांच्यापुढं धरली. अठराच. मला एवढा अभिमान वाटला की काय सांगू. बाप आणि लेक, दोघांचा आकडा एक.

"बरोबर हाय, आबा. अठरा."

आबांनी डोळा काढला आणि आजूबाजूला टेबलावर बघितलं. "अठरा आन् देवाची एक. देवाची कुठं टाकतीस? हितं वाटी कुठं हाय?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं, या मोठ्या जागेतही कुठंतरी एक वाटी असणार.

त्यांना एस.टी.त बसवून दिलं. परत येऊन तोच तारा लावला. बाराच्या जागेवरून निघाले आणि या वेळी ओठ घट्ट मिटून, बोटानं टेबलावर ठोके देत मोजलं. एकोणीस. एकोणिसावी रेघ पहिलीच्या अगदी डाव्या अंगाला होती, तिला खेटून. दुसऱ्या फेरीत कोन मोजत प्रदक्षिणा पूर्ण होताना मी दर वेळी तिथं पोचायचे, आकडा भरलेला असायचा, म्हणून मला वाटायचं ही तर पहिलीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसरा तारा लावला. तिथंही एक. तिसरा लावला. दहा तारे बघितले आणि दहांतही बाराच्या डावीकडं एकेक रेघ तशीच बसलेली, कुणी न मोजलेली. तीन वर्षं मी मनातल्या मनात लाभ म्हणत होते आणि मला ऐकू आलं नव्हतं.

मग मी जे चित्र पहिल्या महिन्यात काढायला हवं होतं ते काढलं. सगळ्या ताऱ्यांच्या सगळ्या रेघा कुठल्या दिशेला किती. सगळीकडं सारख्या, आणि बाराच्या डावीकडं एक खळगा. तिथं विरळ म्हणजे बाकी ठिकाणी त्या मानानं दाट. चौकटी लहान केल्या की खळगा आणखी उठून दिसणार आणि रेघ वर चढणार. माझी झोकातली रेघ आमच्या पितळी वाटीतून निघाली असणार.

तीन दिवस नुसता राग येत होता. आबांचा, आईचा, देवाचा, त्या वाटीचा. काय अडलं होतं का त्याचं एका घुंगरावाचून? आई म्हणाली, डोळे दुखत्यात व्हय? मी व्हय म्हटलं. एक गोष्ट मात्र मला स्वच्छ दिसत होती. मी गप्प बसले तर हे जन्मात कुणाला कळणार नव्हतं. माझ्या वहीत खाडाखोड नव्हती. पेपर जाईल, पदवी मिळेल, आईला सांगता येईल. फक्त ती रेघ खरी आहे का, हे मला कधीच कळणार नाही. आणि ते मला सहन होईना. त्या पहिल्या ताऱ्यापुढं माझा श्वास अडकला होता, त्याच्याशी मी खोटं कशी बोलणार होते?

रविवारी मी मंगळवार पेठेत सरांच्या घरी गेले. ते गल्लीत बनियनवर स्कूटर धूत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाभ, वाटी, अमावस्या, आबा, सगळं. त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला वाटलं, आता मी बादली उचलून यांच्या डोक्यावर ओतणार. मग ते एकदम थांबले.

"पेपर थांबला," ते म्हणाले. "तारे किती बिघडले?"

"सगळे."

"सगळे सारखेच?"

"सारखेच. एकेक. एकाच जागी."

"मग तू सुटलीस. शिस्तीत केलेली चूक सापडते. भोंगळ माणसाची चूक सापडत नाही, ती सगळ्यात मिसळून जाते." त्यांनी फडकं पिळलं. "उद्या एक काम कर. त्या खोट्या ताऱ्यांना तुमच्या घरचं मोजणं शिकव. बघू तुमचा देव किती खातो."

सोनारानं कान टोचलेले बरे म्हणतात. माझा एक कान आबांनी टोचला होता, दुसरा सरांनी.

सोमवारी चपला काढून आत गेले आणि प्रोग्राममध्ये थोडासाच बदल केला. प्रत्येक खोट्या ताऱ्यात एक रेघ जादा फेकायची, आणि बारापासून प्रदक्षिणा घालून जी शेवटी येईल ती गाळायची. प्रिंटर करकरला. खोट्या ताऱ्यांची रेघ वर चढली होती.

मी त्या कागदाकडं किती वेळ बघत होते कोण जाणे. नशिबात काही कट नाही, हे मला ठाऊक होतं. संगणकाला काही ठाऊकच नव्हतं. आणि तरी त्यात आमच्या घरची एक सवय टाकली की विश्वाचा नियम असावा तशी रेघ उठत होती. सरांनी तो कागद आणि माझा जुना कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले. दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसत होत्या. जवळजवळ. माझी किंचित वर होती, की कागद हलत होता, ते कळेना.

"उरतं की नाही?" मी विचारलं.

"इथून नाही सांगता यायचं. आत जावं लागेल."

आत जाणं म्हणजे चारशेच्या वर तारे पुन्हा लावायचे. शिष्यवृत्ती संपली. मी सकाळी एका कॉलेजात अकरावीला शिकवायला लागले आणि दुपारपासून मायक्रोस्कोपवर बसायचे. घरी सांगावं लागलं. आबांनी खाली मान घालून ऐकलं. "म्हंजे माज्या मोजण्यानं तुजी तीन वरसं गेली म्हन की," एवढंच म्हणाले. मी नाही नाही म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी बघते तर वाटी फळीवर पालथी घातलेली, आणि आबा घुंगरं मोजत होते, एकापासून, कोरड्या आवाजात. आई त्यांच्याकडं बघायची आणि कामाला लागायची.

त्या दहा महिन्यांबद्दल मला फार सांगता येत नाही. रोज तारा लावायचा, बाराच्या जागी जायचं, आणि डावीकडं बघायचं. ती असायचीच. एकदाही असं झालं नाही की ती नाही. तीन-तीन वर्षांपूर्वी ज्यांच्यावरून माझी नजर सरकून गेली होती त्या सगळ्या रेघा चांदीच्या बारीक ठिपक्यांनी आपापल्या जागी उभ्या होत्या. रागावलेल्या नाहीत, हललेल्या नाहीत. मी मोजो न मोजो, त्या होत्या. हे सांगायला सोपं आहे, पण मला त्या खोलीत कितीदा तरी हात जोडावेसे वाटले. पहिल्या पाच-पन्नास मी चिडून मोजल्या. पुढं चीड कुठं गेली ते कळलं नाही. शेवटी शेवटी तर पट्टी सरकवताना मी त्या रेघेला हळूच म्हणायचे, आले बाई.

सन दोन हजार उजाडून गेल्यावर शेवटचा तारा संपला. संगणक आता नवा आला होता, चपला मात्र अजून बाहेरच. आकडे भरले आणि मी बाजूच्या खुर्चीत बसले. सर उभे होते. मला कागदाकडं बघायचं धाडस होईना, मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते.

"बघ," ते म्हणाले.

माझी रेघ खूप खाली आली होती. तो झोक गेला होता. पण ती आडवी नव्हती. चौकटी लहान होत जातील तशी ती बोटभर, अगदी लाजत, वर चढत होती. खोट्यांची सपाट.

"हेही नशीब असेल," मी म्हटलं. आता माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

"असेल. मग नशिबाला आणखी संधी दे."

आम्ही शंभर वेळा नवे खोटे तारे काढले. शंभर वेळा पहिल्यापासून फेकले. कधी त्यांची रेघ थोडी वर, कधी थोडी खाली. माझ्या रेघेपर्यंत एकदाही पोचली नाही. खिडकीबाहेर ऊन कलत होतं आणि मी रडत होते. घर वजा झालं होतं, सवय वजा झाली होती, नशीब वजा झालं होतं, आणि तरी काहीतरी उरलं होतं. इवलंसं. ते काय आहे ते आम्हाला तेव्हा नीट कळलं नाही, आजही कुणी छातीठोक सांगत नाही. पण ते तिथं होतं. ते चांदीच्या केंद्रकात, कुणी बघत नसताना, आपलं आपण घडलं होतं.

सर कागदाची घडी घालत म्हणाले, "आता हे तुझं राहिलं नाही. म्हणून खरं असू शकेल."

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा आमच्याकडं केर जाळला होता. वर्षभर कारखान्याची जमीन झाडून साठवलेला केर वर्षातून एकदा जाळतात, राख धुतात, आणि तळाला बसलेली धूळ मुशीत घालतात. आबा चिमटा धरून बसले होते. मुशीच्या तळाशी हरभऱ्याएवढा पांढरा गोळा लकाकत होता.

"एवढीच निगाली?" मी विचारलं.

"पोतंभर केरातनं एवढीच निगतीया. ह्यात केर न्हाय आता." मग माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "तुजं काय झालं?"

मी नखाचं टोक दाखवलं. "एवढंच उरलं, आबा."

"पर उरलं?"

"उरलं."

"देवाच्या रेघा गावल्या?"

"सगळ्या गावल्या. एक बी गेली न्हवती."

आबा उठले, फळीवरची वाटी काढली, धोतराच्या सोग्यानं आतून-बाहेरून पुसली आणि ढिगापुढं मांडली. पहिलं घुंगरू उचललं. ते वाटीवर धरून मला ऐकू जाईल असं म्हणाले, "एक." आणि सोडलं. दुसरं उचललं. "दोन."

आई म्हणाली, "अवो, देवाला बी धरून मोजलं तर जोडाला एक कमी पडंल की."

"मग एक जादा घे," आबा म्हणाले. "त्याला सोडून मोजायचं कशाला? त्यो काय पावणा हाय व्हय?"

आईनं ढिगातून एक जादा घुंगरू उचललं आणि जोडात टाकलं.